'फोन कट केला' म्हणजे 'हँग अप' का? एका प्रश्नाचं लांबलेलं उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुण्यात एका अमेरिकी कंपनीच्या तांत्रिक मदत विभागात नव्याने लागला आहात. एका ग्राहकाचा फोन मध्येच बंद झाला आणि तुम्ही तिकिटात लिहिलंत, 'कस्टमर हँग्ड अप द कॉल ऑन मी'. टीम लीडने आधी 'हँग्ड' खोडून 'हंग' केलं आणि मग अख्खं वाक्यच काढून टाकलं. त्यानंतर दुसऱ्या एका ग्राहकाला तुम्ही 'माय सिस्टिम गॉट हँग्ड' म्हणालात, तर पलीकडून हसण्याचा आवाज आला. आणि तिसरं म्हणजे, मैत्रिणीने कुणाबद्दल तरी 'ही इज स्टिल हंग अप ऑन हर' असं लिहिलं, तेव्हा यात फोन कुठे आला हेच तुम्हाला कळेना. तुम्ही विचारता, 'हँग अप'चा नेमका अर्थ काय, 'ऑन' कधी लावायचं, आणि हे लक्षात ठेवायला काही नियम आहे का.

मी ऑफिसात लागणारं बोली इंग्रजी शिकवते. व्हॉइस प्रोसेसला लागलेली मुलंमुली हाच माझा मुख्य विद्यार्थीवर्ग. 'हँग अप' म्हणजे फोन ठेवणे, एवढं त्यातल्या बहुतेकांना आधीच ठाऊक असतं. तरी वाक्यं चुकतात, आणि त्याचं कारण माझ्या मते इंग्रजीत नाही, आपल्या 'फोन कट केला' या वाक्यात आहे. ते वाक्य इतकं सोयीचं आहे की त्यात आपण काय काय कोंबलंय हे लक्षातच येत नाही.

बघा ना. तुम्ही मीटिंगमध्ये असताना आईचा फोन वाजला आणि तुम्ही लाल बटण दाबलंत. नंतर सांगता, 'आई, मीटिंग चालू होती म्हणून तुझा फोन कट केला.' दुसरीकडे, जमिनीच्या वाटणीवरून दोन भावांचं फोनवर वाजलं आणि थोरल्याने बोलणं अर्धवट टाकलं. धाकटा सांगतो, 'दादाने फोन कट केला.' तिसरीकडे, गाडी घाटातल्या बोगद्यात शिरली आणि आवाज गेला. 'फोन कट झाला.' यातला 'केला' आणि 'झाला' हा फरक मराठी नीट राखते. पण पहिल्या दोन घटना मराठीला सारख्याच. इंग्रजीला त्या सारख्या नाहीत.

आईच्या बाबतीत फोन जोडलाच गेला नव्हता. जो फोन उचलला नाही तो ठेवणार कसा? म्हणून तिथे 'हँग अप' येत नाही. तिथे 'आय डिक्लाइन्ड युअर कॉल', किंवा वरिष्ठांशी बोलताना त्याहून मऊ असं 'आय कुडन्ट टेक युअर कॉल, आय वॉज इन अ मीटिंग'. हेच तुम्ही मॅनेजरला 'सॉरी, आय हंग अप ऑन यू' असं म्हणालात, तर त्याला ऐकू येतं ते असं की आपण दोघं बोलत होतो आणि मी तुमचं बोलणं चालू असताना फोन ठेवून दिला. जे घडलंच नाही त्या उद्धटपणाची कबुली तुम्ही देऊन बसता. हा घोळ मी वर्गात सगळ्यात जास्त ऐकते, आणि यात व्याकरण अगदी शुद्ध असतं हीच पंचाईत आहे. वाक्य बरोबर असतं, घटना चुकीची.

एक बारकावा इथेच सांगून टाकते. ज्याने फोन लावला आहे तो मात्र समोरच्याने उचलण्याआधीही 'हँग अप' करू शकतो. 'इट रँग फॉर अ मिनिट, सो आय हंग अप.' त्याच्या बाजूने त्याने फोन उचललेला असतोच. आपण मिस्ड कॉल देतो तेव्हा नेमकं हेच करतो. पण तिथे 'ऑन' लागत नाही, कारण पलीकडे अजून कुणी नसतं.

बोगद्यातली घटना कुणाच्याच माथी मारता येत नाही. तिच्यासाठी 'वुई गॉट कट ऑफ', 'द कॉल ड्रॉप्ड', किंवा फोन परत लागल्यावर म्हणायचं 'सॉरी, आय लॉस्ट यू देअर'. इथे आपला 'कट' इंग्रजीतही सापडतो, पण 'ऑफ' घेऊन आणि कर्त्याशिवाय. कर्ता घातलात की अर्थ सरकतो. 'शी कट मी ऑफ' म्हणजे बहुतेक वेळा 'तिने मला मध्येच तोडलं, बोलू दिलं नाही', आणि गाडी चालवणाऱ्याच्या तोंडी तेच वाक्य आलं तर 'तिने माझ्यापुढे गाडी घुसवली'. 'शी कट माय कॉल' हे भारतात दिल्लीपासून चेन्नईपर्यंत सगळ्यांना समजतं. मी त्याला चूक म्हणत नाही, भारतीय इंग्रजीत ते चांगलं मुरलेलं आहे. पण ओहायोतल्या किंवा टेक्सासमधल्या माणसाला तिथे क्षणभर थांबावं लागतं, आणि तुमचं काम त्याला थांबायला न लावण्याचं आहे.

आता 'ऑन'. तुमच्या प्रश्नाचा गाभा मला इथे दिसतो. 'ऑन मी' मराठीत आणताना 'माझ्यावर' आणू नका, 'माझ्या तोंडावर' आणा. 'तिने माझ्या तोंडावर फोन आपटला', 'त्याने तोंडावर दार लावून घेतलं' असं आपण म्हणतो, तेव्हा 'तोंडावर' हा पत्ता नसतो. कुणाला तरी लागलं, कुणाचा तरी अपमान झाला, एवढंच ते सांगत असतं. इंग्रजीतला हा 'ऑन' तेच काम करतो, आणि फक्त फोनपुरता नाही. 'द कार डाइड ऑन मी' म्हणजे गाडीने ऐन वेळी मला दगा दिला. 'ही वॉक्ट आउट ऑन हर' म्हणजे तो तिला सोडून चालता झाला. ज्याला झळ पोचली तो माणूस 'ऑन'च्या पुढे येऊन बसतो.

म्हणून 'शी हंग अप' ही बातमी झाली आणि 'शी हंग अप ऑन मी' ही तक्रार. दोघांचं बोलून झालं, निरोप घेतला, फोन ठेवले, तर 'वुई सेड गुडबाय अँड हंग अप'. तिथे 'ऑन' घातलंत तर गोड निरोपाचं भांडण होतं. तुमच्या टीम लीडने वाक्य का काढलं ते यावरून कळेल. तिकीट ही नोंद असते. उद्या ती ग्राहकाच्या खात्याशेजारी दिसते, कधी ग्राहकालाच पाठवली जाते. त्यात 'हंग अप ऑन मी' लिहिणं म्हणजे 'गिऱ्हाईक माझ्याशी उद्धटपणे वागलं' असं लिहून ठेवणं. शिवाय त्याने खरंच ठेवला की त्याची रेंज गेली, हे तुम्हाला कुठे माहीत होतं? तिथे 'द कॉल गॉट डिस्कनेक्टेड' एवढंच आपल्याला खात्रीने सांगता येतं.

तुमच्या वाक्यात आणखी एक गोष्ट होती जिच्यावर टीम लीडने बोट ठेवलं नाही. 'हँग अप द कॉल'. फोन हँग अप करतात, रिसीव्हर हँग अप करतात. कॉल 'एंड' करतात. काही जण 'कॉल'ही लावतात, पण कानाला ते खटकतं, आणि का खटकतं हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

बेलला टेलिफोनचं पेटंट मिळालं १८७६ मध्ये, आणि मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं १८८२ मध्ये. त्या जुन्या फोनमध्ये बोलायचा भाग आणि ऐकायचा भाग वेगळे असत. भिंतीवर लाकडी पेटी, समोर बोलायचं भोंगं, आणि बाजूच्या आकड्याला अडकवलेला ऐकायचा रिसीव्हर. तो आकडा नुसता खुंटीसारखा नव्हता. रिसीव्हरच्या वजनाने तो खाली दबे आणि बोलण्याचं सर्किट तुटे, घंटेचं जोडलं जाई. रिसीव्हर काढला की स्प्रिंगने आकडा वर उचलला जाई आणि लाइन जिवंत होई. म्हणजे रिसीव्हर टांगणं आणि बोलणं संपवणं ही एकच हालचाल होती. जी वस्तू टांगतात ती 'हँग अप'नंतर येते, म्हणून 'फोन' चालतो. कॉल ही टांगायची वस्तू नाही.

पुढे १९२०-३० च्या दशकांत बोलायचा आणि ऐकायचा भाग एकाच दांड्यात आला आणि तो आडव्या खाचेत ठेवायचा झाला. टांगणं संपलं. ब्रिटिशांनी त्यानुसार 'पुट द फोन डाउन' हे बोलीत घेतलं, अमेरिकनांनी टांगणंच चालू ठेवलं. आपल्या 'फोन ठेवला'त तोच आडवा फोन आहे, आणि 'उचलला', 'ठेवला' ही जोडी आजही मोबाइलवर चालूच आहे, जिथे कुणी काही उचलत नाही की ठेवत नाही. 'बरं, ठेवते हं' म्हणणारी माझी आईसुद्धा स्क्रीनवर बोट टेकवते. तेव्हा इंग्रजीत अजून टांगणं कसं शिल्लक राहिलं, याचं मराठी माणसाने फार आश्चर्य करू नये. टेलिफोनच्या तांत्रिक भाषेत तर फोनच्या दोन अवस्थांना आजही 'ऑन-हुक' आणि 'ऑफ-हुक' म्हणतात, मग तो इंटरनेटवर चालणारा डेस्कफोन का असेना.

तुम्ही तांत्रिक मदतीत आहात म्हणून एक आडवळण. तुमच्या शेजारी बसणारे लिनक्सवाले 'नोहप' ही आज्ञा वापरत असतील. ते 'नो हँग अप'चं आखूड रूप आहे. पूर्वी टर्मिनल फोनच्या लाइनवरून मोठ्या संगणकाला जोडलेलं असे. लाइन तुटली की चालू प्रोग्रॅमला 'सिगहप' नावाचा, यादीत १ क्रमांकाचा सिग्नल जाई, आणि प्रोग्रॅम बंद पडे. आपण निघून गेलो तरी काम चालू राहावं म्हणून 'नोहप'. हेज कंपनीच्या १९८१ च्या मोडेमने ज्या आज्ञा रूढ केल्या, त्यांतही लाइन सोडायची आज्ञा 'एटीएच' होती आणि तिच्यातला 'एच' याच 'हुक'चा, म्हणजे रिसीव्हरच्या आकड्याचा. रोज हे टाइप करणाऱ्या किती जणांना त्यात रिसीव्हर दिसतो, कोण जाणे.

व्याकरणाचं तेवढं उरकते. 'हँग अप द फोन' आणि 'हँग द फोन अप' दोन्ही चालतात. 'इट' वापरलं तर ते मध्येच बसतं: 'हँग इट अप'. 'हँग अप इट' कधीच नाही. 'हँग अप ऑन' मात्र फोडायचं नाही. माणूस कायम शेवटी येतो. उच्चारात 'हँग'मधला 'ग' ठसठशीत नको. 'अंक' म्हणताना 'क'च्या आधी नाकात जो आवाज येतो तिथेच थांबा आणि सरळ 'अप'वर जा. 'हँ-गप' असं ऐकू आलं की तो आपला मराठी ग.

आता 'हँग्ड' आणि 'हंग'. इथे नियम खरोखर सोपा आहे. भूतकाळ 'हंग'. 'हँग्ड' फक्त फाशीसाठी. एका क्रियापदाला दोन भूतकाळ आले, कारण जुन्या इंग्रजीत टांगण्याची एकाहून जास्त क्रियापदं होती आणि ती पुढे एकमेकांत मिसळली. 'हंग' हे रूप सोळाव्या शतकाच्या सुमारास इंग्लंडच्या उत्तरेकडून आलं आणि सगळीकडे पसरलं. कायद्याची भाषा जुनं सोडायला तयार नसते, तिने 'हँग्ड' धरून ठेवलं. आपल्याकडच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, १९७३ च्या, कलम ३५४(५) मध्ये मृत्युदंडाची भाषा 'हँग्ड बाय द नेक टिल ही इज डेड' अशी होती. मराठीत फाशी देण्याला वेगळा शब्द असल्याने हा गोंधळ आपल्या अंगवळणी नाही, एवढंच.

आता तुम्हाला कळलं असेल की 'माय सिस्टिम गॉट हँग्ड' ऐकून ग्राहक का हसला. तुम्ही त्याला सांगितलंत की तुमच्या संगणकाला फाशी झाली. त्या हसण्यात कुचेष्टा असेलच असं नाही; बहुधा त्याच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. मराठीत 'हँग झाला' हे आता आपलं घरचं आहे आणि त्यात काही बिघडलेलं नाही. घोळ होतो तो 'झाला'चं 'गॉट' करताना. इंग्रजीत संगणक स्वतःच 'हँग्स', कुणी त्याला 'हँग' करत नाही. 'माय सिस्टिम हंग' किंवा 'इट कीप्स हँगिंग' बरोबर आहे. पण अमेरिकी ग्राहकाशी मी 'फ्रोझन'च वापरायला सांगते: 'माय स्क्रीन हॅज फ्रोझन, गिव्ह मी अ मोमेंट'. आणि 'माय फोन हंग अप' असं चुकून म्हणालात तर तिसराच अर्थ होतो, फोनने आपणहून कॉल तोडला. 'अप' लावायचं की नाही, यात एवढं अंतर आहे. (याच 'हंग'ला बातम्यांत आपण 'त्रिशंकू' म्हणतो, 'हंग असेंब्ली' म्हणजे त्रिशंकू विधानसभा. ज्याने हा प्रतिशब्द पहिल्यांदा वापरला त्याला माझा नमस्कार. लोंबकळणं आणि पुराण एका शब्दात बसवलंय.)

मैत्रिणीच्या वाक्याकडे येऊ. 'ही हंग अप ऑन हर' म्हणजे त्याने तिच्या तोंडावर फोन ठेवला. 'ही इज हंग अप ऑन हर' म्हणजे तो अजून तिच्यातच अडकलाय, डोक्यातून ती जात नाही. मध्ये एक 'इज' आला आणि घटनेची अवस्था झाली. मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये, कारण आपलंही तेच आहे. शर्ट खुंटीला अडकवतो, मन कुणात तरी अडकतं. हा वापर विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेच्या बोलीत फोफावला आणि अजूनही तो बोलीतलाच आहे, अर्जात किंवा रिपोर्टमध्ये लिहू नये. प्रेमापुरताही तो नाही. 'डोंट गेट हंग अप ऑन द डिटेल्स' हे तुमचा अमेरिकी मॅनेजर तुम्हाला कधी ना कधी ऐकवेलच: बारीकसारीक गोष्टींत अडकून बसू नकोस. नाम झालं की जोर पहिल्या भागावर येतो, 'हँग-अप', आणि अर्थ गंड किंवा मनातली अढी. 'ही हॅज अ हँग-अप अबाउट हिज हाइट.' क्रियापदात जोर 'अप'वर असतो.

वर्गात मुलं एक वाक्य हमखास विचारतात, 'ही वॉज हंग अप ऑन'. इथेच वाक्य संपलं तर त्याचा फोन कुणीतरी तोंडावर ठेवला. पुढे 'हर' आलं तर तो तिच्यात अडकला होता. इंग्रजी मातृभाषा असलेलेही यावर विनोद करतात. तुम्ही हे वाक्य टाळा, इतकंच.

फोनच्या आधीपासून चालत आलेला एक अर्थ राहिला: एखादी गोष्ट कायमची टांगून ठेवणं, म्हणजे सोडून देणं. खेळाडू निवृत्त झाला की 'ही हंग अप हिज बूट्स'. नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवरच्या कसोटीनंतर सचिन तेंडुलकरने खेळणं थांबवलं, त्याबद्दल बोलताना हे वाक्य चपखल बसतं. आपण तलवार म्यान करतो, आणि मराठीच्या क्रीडा पानांवर बॅटही म्यान होते. आणि शब्दशः अर्थ आहेच, 'हँग अप युअर कोट', खुंटीला अडकव. धुतलेले कपडे वाळत घालायचे असतील तर मात्र 'हँग आउट द वॉशिंग'.

'हँग'चं बाकीचं कुटुंब तुम्ही विचारलेलं नाही, पण कामावर त्यातलं एक लागेलच: 'हँग ऑन'. म्हणजे थांबा, धरून राहा. 'हँग ऑन, डोंट हँग अप' हे एका दमात म्हणून बघा, दोन्ही शब्द एकमेकांच्या नेमके उलटे आहेत हे जिभेला कळेल. 'ऑन'मध्ये चालू राहण्याची छटा असते, 'कॅरी ऑन', 'कीप ऑन'. 'अप'मध्ये उरकण्याची, 'फिनिश अप', 'यूज अप'. 'हँग अप'मधलं 'अप' मुळात खरोखरचं 'वर' होतं, आकड्यावर. आज कुणाला ते तसं जाणवत नाही. हा आधार म्हणून वापरा, पण प्रत्येक क्रियापदाला लावत बसू नका, तो लगेच तुटतो. ग्राहकाला 'हँग ऑन' म्हणणं फार सलगीचं वाटतं. तिथे 'मे आय प्लेस यू ऑन अ ब्रीफ होल्ड?' हेच बरं. 'हँग आउट' म्हणजे कट्ट्यावर टाइमपास. गुगलची 'हँगआउट्स' सेवा २०१३ ते २०२२ अशी चालली, त्यामुळे माझ्याकडे येणारी काही मुलं अजूनही 'हँगआउट' म्हणजे व्हिडिओ कॉल समजतात. 'हँग अराउंड' म्हणजे रेंगाळणं. आणि एखाद्याला 'हँग आउट टू ड्राय' करणं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं. इथे मराठी आणि इंग्रजी जवळजवळ एकाच दोरीवर आहेत.

तुम्ही नियम मागितला होता. मी एवढंच करायला सांगते, की वाक्य जुळवण्याआधी मनात तीन प्रश्न विचारा. फोन जोडला गेला होता का? कुणी मुद्दाम ठेवला का? आणि ठेवल्यामुळे समोरच्याचं बोलणं अर्धवट राहिलं का? पहिल्याचं उत्तर नाही असेल तर 'डिक्लाइन' किंवा 'कुडन्ट टेक'. दुसऱ्याचं नाही, किंवा माहीत नाही, तर 'गॉट कट ऑफ', 'डिस्कनेक्टेड'. दुसऱ्याचं हो असेल तर 'हंग अप'. तिन्ही हो असतील तरच 'हंग अप ऑन', आणि तेही नोंदीत नाही, चहाच्या टपरीवर मित्रांना सांगताना.

काही गोष्टी तुमच्या कंपनीवर अवलंबून आहेत, त्यांवर मी बाहेरून मत देऊ नये. काही ठिकाणी तिकिटासाठी ठरलेली वाक्यंच असतात. असतील तर तीच वापरा, माझी नाही. ब्रिटिश ग्राहक असतील तर ते 'पुट द फोन डाउन ऑन मी' म्हणतील, अर्थ तोच. ग्राहकाने शिवीगाळ करून फोन ठेवला असेल आणि ते नोंदवणं कंपनीला हवं असेल, तर तसं स्पष्ट लिहावं लागेल, पण तेव्हाही 'कस्टमर एंडेड द कॉल' लिहून त्याआधी तो काय म्हणाला ते शब्दशः लिहिणं जास्त उपयोगी पडतं. त्याच्या शब्दांवरून वाचणारा ठरवेल.

शेवटी, परत फोन लावायची वेळ आली तर काय म्हणायचं. 'हाय, इट लुक्स लाइक वुई गॉट कट ऑफ.' त्याने रागाने आपटला होता हे दोघांना ठाऊक असलं तरी हेच म्हणायचं. दोष लाइनवर गेला की दोघांनाही पुन्हा बोलायला जागा मिळते, आणि निम्म्याहून जास्त लोक ती घेतात. एखादा प्रामाणिकपणे सांगतोच, 'नो, आय हंग अप ऑन यू, सॉरी.' तेव्हा 'नो प्रॉब्लेम, आय अंडरस्टँड' म्हणा आणि केस नंबरवर या. 'इट्स ओके दॅट यू हंग अप ऑन मी' असं त्याचंच वाक्य त्याला परत करू नका; तो 'ऑन' त्याच्या तोंडून माफी असतो, तुमच्या तोंडून तक्रार.